तुम्ही विचारलंत: उर्सुला ल ग्विनच्या गोष्टी आणि कविता

मागच्या अंकात या सदरात अमेरिकन लेखिका उर्सुला ल ग्विनबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, आणि त्यावर इतकी पत्रं नि मेल आले की हा महिना अख्खा त्यांनाच देतेय. बरेच प्रश्न सारखे होते ते एकत्र केलेत, लांब पत्रं थोडी आखडलीत. ज्यांना "मला फक्त कवितेबद्दल वाचायचंय" असं वाटतंय त्यांनी तिसऱ्या प्रश्नावर जा, पण बाकीचंही वाचा, कारण माझं म्हणणंच हे आहे की या बाईंची कविता आणि गोष्ट वेगळी काढता येत नाही.

प्रश्न: एका ठिकाणी वाचलं की या सायन्स फिक्शन लिहायच्या. लायब्ररीत त्यांचं पुस्तक लहान मुलांच्या कपाटात सापडलं. आणि मैत्रिणीने गिफ्ट दिला तो तर कवितासंग्रह निघाला. ही एकच बाई आहे का? आणि सुरुवात कुठून करू? (सातारा)

एकच आहे. २१ ऑक्टोबर १९२९ ला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत जन्म, २२ जानेवारी २०१८ ला ओरेगनमधल्या पोर्टलंडला मृत्यू, आणि मधल्या काळात कादंबऱ्या, कथा, कविता, मुलांची पुस्तकं, निबंध, भाषांतरं, लिहायचं कसं ते शिकवणारं पुस्तक, सगळं. आपल्याकडे कुसुमाग्रजांनी कविता, नाटक, कादंबरी सगळं लिहिलं तर कोणाला आश्चर्य वाटत नाही, पण अमेरिकेत पुस्तकांची दुकानं शेल्फांवर चालतात, आणि बाईंना आयुष्यभर त्या शेल्फांशी भांडावं लागलं. २०१४ ला नॅशनल बुक फाउंडेशनने त्यांना जीवनगौरवासारखं मोठं पदक दिलं तेव्हा स्टेजवर उभं राहून त्यांनी सांगितलं की हे पदक मी फँटसी आणि सायन्स फिक्शन लिहिणाऱ्या सगळ्यांबरोबर वाटून घेतेय, कारण त्यांना इतकी वर्षं साहित्याच्या बाहेर ठेवलं गेलं. त्याच भाषणात भांडवलशाहीबद्दल बोलताना म्हणाल्या की तिच्यातून सुटकाच नाही असं वाटतं खरं, पण राजांच्या दैवी हक्काबद्दलही लोकांना तसंच वाटायचं. पंच्याऐंशी वर्षांच्या होत्या तेव्हा.

सुरुवात कथांपासून करा. 'द विंड्स ट्वेल्व्ह क्वार्टर्स' हा १९७५ चा संग्रह घ्या, त्यात सुरुवातीच्या वर्षांतल्या कथा आहेत आणि प्रत्येकीच्या आधी बाईंची छोटी टिपण आहे. संग्रहाचं नावसुद्धा हाउसमन या इंग्रज कवीच्या कवितेतलं आहे. आणि मैत्रिणीने दिलेला संग्रह बाजूला ठेवू नका. एक कथा झाली की दोन कविता, असं वाचून बघा.

प्रश्न: मी नारळीकरांच्या विज्ञानकथांवर वाढलो. 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' वाचायला घेतली पण यात विज्ञान कुठंय? परग्रह आहे, पण यानांचं, इंजिनांचं काहीच नाही. (नाशिक)

तुमची तक्रार समजतेय, आणि पुस्तक अर्धवट टाकू नका म्हणून जरा सविस्तर सांगते. नारळीकर सर खगोलशास्त्रज्ञ, त्यामुळे त्यांच्या कथेत धूमकेतू आला तर त्याची कक्षासुद्धा येणार. ल ग्विनच्या घरातलं विज्ञान वेगळं होतं. वडील आल्फ्रेड क्रोबर हे अमेरिकेतले फार मोठे मानववंशशास्त्रज्ञ, कॅलिफोर्नियातल्या मूळ जमातींच्या भाषा आणि चालीरीती नोंदवण्यात आयुष्य गेलं. १९११ मध्ये ओरोव्हिल गावाजवळ एक माणूस एकटा, उपाशी सापडला होता, त्याच्या याही जमातीतलं कोणीच उरलं नव्हतं, कत्तली झाल्या होत्या. त्याला इशी म्हणत. क्रोबर आणि सहकाऱ्यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियममध्ये आणलं, तिथेच तो राहिला आणि १९१६ ला क्षयाने गेला. पुढे उर्सुलाच्या आईने, थिओडोरा क्रोबरनी, १९६१ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिलं आणि ते प्रचंड वाचलं गेलं. अशा घरातल्या मुलीने परग्रह रचला तर ती आधी काय विचारणार? तिथे लग्न कसं होतं, पाहुण्याला जेवायला काय देतात, मान-अपमान कशात असतो, गोष्टी कुठल्या सांगतात. यान कसं उडतं हे नाही.

गेथेन या बर्फाळ ग्रहावरची माणसं एरवी ना बाई ना पुरुष, महिन्यातले काही दिवसच त्यांच्यात लिंग जागं होतं आणि ते कुठलं असेल ते ठरलेलं नसतं. म्हणजे एकच माणूस कोणाची तरी आई आणि दुसऱ्या कोणाचा तरी बाप असू शकतो. १९६९ ला हे लिहिलंय. ह्यूगो आणि नेब्युला ही विज्ञानकथा-फँटसीची दोन्ही मोठी पारितोषिकं मिळाली. टीकाही झाली, की या लोकांना इंग्रजीत सरसकट पुरुषी सर्वनाम का वापरलंत. बाईंनी आधी बचाव केला, मग बरीच वर्षं विचार केला, आणि १९७६ च्या आपल्याच निबंधाला पुढे नव्या टिपा जोडून मत बदलल्याचं छापून टाकलं. त्याच ग्रहावरची एक कथा संग्रहात घेताना तर सगळीकडे स्त्रीलिंगी सर्वनाम घालून नव्याने लिहिली. मला हे फार मोठं वाटतं.

आणि एक गोष्ट, जी पुढच्या उत्तराशी जोडलेली आहे. त्या कादंबरीचं नाव कुठून आलं माहितीये? कादंबरीतल्याच एका छोट्या कवितेतून. दोघं बर्फाच्या पठारावरून स्लेज ओढत चाललेत, तंबूत बसलेत, आणि त्या ग्रहावरचा एस्त्राव्हेन पृथ्वीवरून आलेल्या गेन्लीला आपल्याकडचं एक जुनं गाणं म्हणून दाखवतो, उजेड हा अंधाराचा डावा हात आहे आणि अंधार उजेडाचा उजवा, अशा अर्थाचं. चारशे-पाचशे शब्दांत जे समजावता आलं नसतं ते त्या काही ओळींत होतं. तिथपर्यंत वाचा आणि मग मला कळवा विज्ञान कुठंय ते.

प्रश्न: कादंबऱ्या आवडल्या. पण कवितांबद्दल कोणी बोलतच नाही. स्पष्ट सांगा, कविता हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग होता का? वाचायलाच हव्यात का? (पुणे, असेच प्रश्न औरंगाबाद, ठाणे आणि मडगावहूनही)

नाही, फावल्या वेळचा नाही. उलट छापून आलेलं त्यांचं पहिलं लिखाण कविताच आहे, १९५९ मधलं. पहिली कथा त्यानंतर, १९६१ ला. आणि शेवटचं पुस्तक? तेही कविताच. 'सो फार सो गुड' हा संग्रह जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी हातावेगळा केला आणि त्याच महिन्यात त्या गेल्या, पुस्तक नंतर त्याच वर्षी आलं. मधे 'वाइल्ड एंजल्स' १९७५ ला, 'हार्ड वर्ड्स' १९८१ ला, 'गोइंग आउट विथ पीकॉक्स' १९९४ ला, 'सिक्स्टी ऑड' १९९९ ला, मग 'इन्क्रेडिबल गुड फॉर्च्यून', 'फाइंडिंग माय एलिजी', 'लेट इन द डे'. २०२३ मध्ये लायब्ररी ऑफ अमेरिका या प्रकाशनसंस्थेने सगळ्या कवितांचा जाडजूड खंड काढला. साठ वर्षं कोणी फावल्या वेळात एवढं लिहीत नाही.

आता वाचायलाच हव्यात का, तर एकच कविता सांगते आणि तुम्हीच ठरवा. 'लेट इन द डे' मध्ये एक सोळा ओळींची कविता आहे. ओरेगनमध्ये अ‍ॅपलगेट हाउस नावाचं जुनं घर आहे, तिथे ठेवलेला एक छोटा दगडी बत्ता, तिथल्या मूळ आदिवासी बायकांचा. कविता एवढ्याबद्दलच आहे. काळा, जड, बारीक कणांचा बेसाल्ट, नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. मधोमध अगदी किंचित वळण, जे बघून कळत नाही, हातात धरल्यावर कळतं, कारण ते हातांनीच पाडलेलं आहे, वर्षानुवर्षं बायकांच्या हातांनी, बिया कुटताना. बत्ता आपल्याच वजनाने खाली येतो, वर जातो, परत खाली येतो, आणि त्या लयीतलं गाणं हळूहळू दगडातच मुरलंय. मग कवयित्री तो उचलते आणि दगडच तिला सांगतो बोटं कुठे ठेवायची. जिथे त्या बायकांची बोटं होती तिथेच. सोळा ओळी आणि वाक्य फक्त एक! सुरुवातीला सुरू झालेलं वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत थांबत नाही, आणि ओळीची लय बत्त्यासारखी वर-खाली होत राहते. ज्यांच्या घरात जात्यावरच्या ओव्या आजीच्या तोंडून ऐकल्यात त्यांना ही कविता समजावून सांगायची गरजच नाही, काम, दगड, बाईचा हात आणि गाणं एकत्र कसे वाढतात हे आपल्याला आधीपासून ठाऊक आहे.

याच्यात शोक किती दबलेला आहे तेही बघा. त्या बायका कोण होत्या, त्यांची वस्ती कुठे गेली, एक अक्षर नाही. पण इशीची गोष्ट ज्या घरात सांगितली जायची त्या घरातली मुलगी म्हातारपणी त्या बत्त्याला हात लावतेय, हे आठवलं की कविता आणखी जड होते.

त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला २०१४ मधलंच त्यांचं आणखी एक भाषण आहे. त्यात त्या म्हणतात की विज्ञान एखादी वस्तू बाहेरून अचूक सांगतं आणि कविता तीच वस्तू आतून अचूक सांगते, आणि दोन्ही त्या वस्तूचा सन्मानच करतात. "अचूक" हा शब्द दोन्हीकडे आहे हे विसरू नका. ल ग्विनची कविता धूसर, हळवी, मोघम अशी नाहीच. साधे शब्द, छोट्या ओळी, बरेचदा यमकसुद्धा, आणि दगड, मांजर, पाऊस, डोंगर, म्हातारपण असे विषय. ज्यांना दुर्बोध कविताच मोठी वाटते ते इथे निराश होतील. 'हार्ड वर्ड्स' मध्ये एक कविता आहे, दगडाच्या आत शब्द आहे म्हणून ती छिन्नी-हातोडा घेऊन दगड फोडायला बसते, दगडातून रक्त येतं पण शब्द ऐकू येत नाही, शेवटी कंटाळून टाकून देते आणि पाठ फिरवते तेव्हा तो दगड ओरडून सांगतो. लिहिणाऱ्या कोणीही ही वाचावी. याच संग्रहातल्या एका भागाचं नाव 'द डान्सिंग अ‍ॅट तिल्लै' आहे, तिल्लै म्हणजे चिदंबरम, नटराजाचं. पोर्टलंडमध्ये बसून त्यांनी शिवाच्या नाचावर लिहिलंय, आणि देखावा म्हणून नाही, घडवणं आणि मोडणं एकाच पावलात कसं असतं हे त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

सगळ्याच कविता एका उंचीच्या आहेत असं मी म्हणणार नाही. मधल्या काही संग्रहांत राग किंवा मत आधी येतं आणि कविता मागून येते. पण शेवटची दोन पुस्तकं, म्हणजे 'लेट इन द डे' आणि 'सो फार सो गुड', ही माझ्या मते त्यांच्या चांगल्या कादंबऱ्यांच्या बरोबरीची आहेत. दुसऱ्यात १७८९ मधल्या कॅप्टन ब्लायच्या उघड्या नावेतल्या प्रवासावर एक मालिका आहे, बंडखोरांनी जहाजावरून उतरवलेली माणसं छोट्या नावेत अफाट समुद्रावर, आणि वाचता वाचता लक्षात येतं की ऐंशी ओलांडलेली बाई आपल्याच प्रवासाबद्दल बोलतेय.

प्रश्न: ज्युनिअर कॉलेजात 'ओमेलास' शिकवते. दरवर्षी वर्गात भांडण होतं. सोडून जाणारे लोक बरोबर की पळपुटे? लेखिकेचं उत्तर काय? (कोल्हापूर)

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: ओमेलास नावाचं सुंदर सुखी शहर, उत्सव चाललाय, आणि त्या सगळ्यांचं सुख एका अटीवर टिकून आहे, की एका तळघरात एक मूल कायम घाणीत, उपाशी, एकटं कोंडलेलं राहील. सगळ्यांना हे माहीत आहे. बहुतेक जण ते बघून येतात, रडतात आणि मग जगायला लागतात. काही थोडे मात्र शहर सोडून चालायला लागतात. १९७३ ची कथा, पुढच्या वर्षी ह्यूगो मिळालं.

मॅडम, लेखिकेने उत्तर दिलेलं नाही, आणि मला वाटतं वर्गातलं भांडण हाच कथेचा खरा शेवट आहे. पण एक गोष्ट मुलांकडून करून घ्या. कथेतला निवेदक सतत वाचकाला विचारत असतो, तुम्हाला कसं शहर हवंय, यात आगगाड्या घालू का, दारू ठेवू का, तुम्हीच भर घाला. शहर आपण मिळून बांधतो. आणि मग तो विचारतो, आता विश्वास बसतोय का? नाही ना? मग अजून एक गोष्ट सांगतो, आणि ते मूल येतं. म्हणजे निव्वळ सुखावर आपला विश्वास बसत नाही म्हणून ते मूल तळघरात गेलंय. "सोडून जाणारे बरोबर का" याच्या आधी "त्या मुलाला तिथे ठेवलं कोणी" हे विचारा, वर्ग गप्प होईल.

कल्पना विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाकडून आली असं कथेच्या उपशीर्षकातच आहे, तीच गोष्ट दोस्तोयेव्स्कीनेही मांडली होती पण ते आपण विसरूनच गेलो होतो असं बाईंनी नंतर सांगितलं. नाव मात्र रस्त्यावरच्या पाटीवरून, ओरेगनमधलं सेलम उलटं वाचलं. आणि तुमच्या हुशार मुलांना एन. के. जेमिसिनची 'द वन्स हू स्टे अँड फाइट' द्या, ती या कथेला दिलेलं उत्तरच आहे, तिथले लोक निघून जात नाहीत.

प्रश्न: मुलगी अकरा वर्षांची आहे, जादूच्या शाळेची पुस्तकं संपवून झाली. 'अर्थसी' देऊ का? (डोंबिवली)

द्या, आजच द्या. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ चं, जादूची शाळा यात तेव्हाच होती. गेड नावाचा बकऱ्या राखणारा पोरगा, हुशार आणि गर्विष्ठ, शाळेतल्या प्रतिस्पर्ध्याशी ईर्ष्या करून नको ती विद्या वापरतो आणि एक सावली मोकळी सुटते, मग पुस्तकभर आधी ती त्याच्या मागे आणि नंतर तो तिच्या मागे. इथे लढाया नाहीत, सगळी शक्ती वस्तूचं खरं नाव माहीत असण्यात आहे, म्हणजे जादूगाराचं काम जवळपास कवीचंच. पुस्तक उघडल्या उघडल्याच एक पाच ओळींची कविता आहे, शांततेतच शब्द, अंधारातच उजेड, अशी. ती मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. पुढे तिसऱ्या-चौथ्या वाचनात तिच्या लक्षात येईल की अख्खी मालिका त्या पाच ओळींत आहे.

अजून एक, गेड गोरा नाहीये. तांबूस-तपकिरी आहे, त्याचा मित्र व्हेच काळा आहे, गोरे लोक आहेत ते परके, दूरच्या बेटांवरचे. बाईंनी हे मुद्दाम केलं होतं आणि तरी कित्येक वर्षं मुखपृष्ठांवर गोरा पोरगाच छापला गेला, २००४ च्या टीव्ही मालिकेतही तेच, तेव्हा त्यांनी चिडून जाहीर लेख लिहिला. आपल्या मुलींना आपल्या रंगाचा नायक त्या काळात कोणी दिला असेल तर या बाईंनी.

पहिली तीन पुस्तकं आता चालतील. चौथं 'तेहानू' मात्र थांबून द्या, ते तिसऱ्यानंतर १८ वर्षांनी, १९९० ला आलं, त्यात मुलीवर झालेला भयंकर अत्याचार आहे आणि ते मोठ्यांचं पुस्तक आहे. घरात अजून लहान कोणी असेल तर 'कॅटविंग्ज', पंख असलेली मांजराची पिल्लं.

प्रश्न: त्यांना चिनी येत नव्हतं म्हणे, मग 'ताओ ते चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथाचं भाषांतर कसं केलं? हे प्रामाणिक आहे का? (नागपूर)

प्रामाणिक आहे कारण त्यांनी लपवलं नाही. वडिलांकडे पॉल केरसची १८९८ ची आवृत्ती होती, मूळ चिनी अक्षरं आणि प्रत्येकाखाली अर्थ. लहानपणी वडील त्यात खुणा करताना दिसले, विचारलं तर म्हणाले माझ्या अंत्यविधीला कुठले भाग वाचायचे ते काढतोय. त्या पुस्तकाच्या आधाराने त्यांनी विशीत काम सुरू केलं आणि कित्येक दशकं थोडं थोडं करत राहिल्या, मग जे. पी. सीटन या चिनीच्या अभ्यासकाची मदत घेतली, १९९७ ला पुस्तक आलं. स्वतः त्याला भाषांतर म्हणत नाहीत. त्यांच्या 'लेद ऑफ हेवन' पासून 'डिस्पझेस्ड' पर्यंत सगळीकडे हा ताओ आहे, त्यामुळे कादंबऱ्या वाचणाऱ्याला हे पुस्तक चावीसारखं उपयोगी पडतं. ज्या भाषेतून थेट भाषांतर केलं ती स्पॅनिश, चिलीच्या नोबेलविजेत्या गाब्रिएला मिस्त्रालच्या कविता, २००३.

प्रश्न: आम्ही हिल्सबरो, ओरेगनला राहतो, मराठी मंडळात पुस्तकभिशी सुरू केलीय. बाई इथल्याच, तर काय वाचावं, काय बघावं?

तुमचा हेवा वाटतो! 'द लेद ऑफ हेवन' घ्या, १९७१ ची, पोर्टलंडमध्येच घडते, एका माणसाची स्वप्नं खरी होतात आणि डॉक्टर त्याच्याकडून जग सुधारून घ्यायला बघतो. लांब नाहीये, भिशीला बरी. समुद्रावर गेलात की 'सीरोड' न्या, ओरेगनच्या किनाऱ्यावरच्या काल्पनिक क्लॅटसँड गावातल्या कथा, यात जादू नाही, परग्रह नाही, मोटेल चालवणाऱ्या आणि एकट्या राहणाऱ्या बायका आहेत. बाईंचं हे वास्तववादी लिखाण लोक विसरतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. सेंट हेलेन्सचा ज्वालामुखी १८ मे १९८० ला फुटला, तो त्यांनी घराच्या खिडकीतून बघितला होता आणि त्यावर कविता केल्या. आग्नेय ओरेगनमधल्या स्टीन्स पर्वताच्या भागावर कविता आणि फोटोंचं 'आउट हिअर' हे पुस्तक आहे, एखाद्या लाँग वीकेंडला तिकडे जाणार असाल तर गाडीत ठेवा. राहायचं घर कुटुंबाने लिटररी आर्ट्स संस्थेला लेखकांच्या निवासासाठी दिलंय.

प्रश्न: मी कथा आणि कविता दोन्ही लिहिते. एका संपादकांनी सांगितलं की एक काहीतरी निवडा, नाहीतर कुठलंच धड होणार नाही. ल ग्विन काय म्हणाल्या असत्या? (परभणी)

त्यांच्या तोंडी शब्द घालणार नाही, पण त्यांनी काय केलं ते सांगते. अकराव्या वर्षी एका सायन्स फिक्शन मासिकाला कथा पाठवली, ती परत आली. विशीत ऑर्सिनिया नावाच्या काल्पनिक युरोपियन देशातल्या कथा-कादंबऱ्या लिहिल्या, त्याही परत येत राहिल्या, कारण संपादकांना कळेना की हे कुठल्या खणात टाकायचं. तीन मुलं, नवरा इतिहासाचा प्राध्यापक, त्यामुळे मुलं झोपल्यावर लिहायच्या. या सगळ्यात त्यांनी एक निवडलं नाही. आणि १९८५ ला 'ऑलवेज कमिंग होम' काढलं, ज्यात खूप पुढच्या काळातल्या कॅलिफोर्नियाच्या केश लोकांची गोष्ट आहे आणि तिच्याबरोबर त्यांच्या कविता, नाटकं, पाककृती, नकाशे, शब्दकोश, आणि सोबत गाण्यांची कॅसेटसुद्धा! २००८ मध्ये 'लाविनिया' लिहिली, प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात जी राजकन्या एक शब्द बोलत नाही तिला अख्खी कादंबरी दिली, आणि मरणाला टेकलेला कवी व्हर्जिल तिला देवळाच्या राईत भेटतो, आपल्याच पात्राला भेटलेला कवी, आणि तिला नीट लिहिलं नाही म्हणून हळहळतो. हे फक्त कादंबरीकाराला सुचलं नसतं आणि फक्त कवीला पेललं नसतं. आपल्याकडे पु. शि. रेग्यांची 'सावित्री' वाचलीत ना, तीही कवीनेच लिहिलेली कादंबरी आहे, तुमच्या संपादकांना आठवण करून द्या.

संपादकांचं एक मात्र ऐका, धड व्हायला हवं. बाई त्याबाबत कडक होत्या. म्हातारपणीही पोर्टलंडमधल्या कवितेच्या गटात ठरवून दिलेल्या आकृतिबंधात कविता लिहून न्यायच्या, गृहपाठासारखं. त्यांच्या 'स्टिअरिंग द क्राफ्ट' या पुस्तकाची सुरुवातच आवाजापासून होते, वाक्य कानाला कसं लागतं यापासून. त्यातला पहिला स्वाध्याय असा: मोठ्याने वाचण्यासाठी म्हणून एक परिच्छेद ते एक पान गोष्ट लिहायची, नाद, अनुप्रास, पुनरुक्ती, आवाजाचे शब्द, हवं ते सगळं वापरायचं, पण यमक आणि छंद नाही. म्हणजे कवितेचा कान आणि गोष्टीचा हात. मराठीत हे करायला तर मजा येईल, आपल्याकडे रपरप, चुळबुळ, खसखस, गडगड असे शब्द पडलेत ढिगाने. तुम्ही करा आणि इतर कोणाला करायचं असेल त्यांनीही, एक पान, आधी घरात कोणाला तरी वाचून दाखवा, जिथे जीभ अडखळेल तिथे दुरुस्त करा आणि मगच या सदराच्या पत्त्यावर पाठवा. चांगली असतील ती पुढच्या अंकात छापू.